पेपर ॲक्सेप्ट झाला पण २२०० डॉलर मागतायत, अर्जंट मदत हवी आहे

पाणीवाली: परवा ॲक्सेप्टन्सचा मेल आला, घरी पेढे आणले, आणि काल लिंक उघडली तर एपीसी, म्हणजे पेपर छापायला लेखकाकडून घेतात ती फी, २२०० डॉलर! दोन लाखांच्या आसपास जातात की. फेलोशिप चार महिने रखडलीये, गाईड म्हणतात तुझं तू बघ. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय. वेव्हरचा, म्हणजे फी माफ करा असा, मेल कसा लिहायचा? कोणाकडे नमुना असेल तर टाका प्लीज.

घाटावरचा: जर्नल पूर्ण ओपन ॲक्सेस (सगळे पेपर वाचकांना फुकट) आहे की हायब्रिड? विषय काय? ग्रँट आहे का?

जुना_प्राध्यापक: पैसे मागतात म्हणजे बोगस. यूजीसीच्या केअर या मान्य जर्नल्सच्या यादीत आहे का बघा आधी.

सूक्ष्मदर्शी: सर, केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. आणि एपीसी घेतात म्हणून बोगस असं नसतं हो. डीओएजेवर, म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत, शोधा, तिथली बरीचशी जर्नल्स तर लेखकाकडून काहीच घेत नाहीत.

जुना_प्राध्यापक: बंद केली हेच चुकलं. २०१९ पासून पोरांना निदान एक आधार होता, आता ज्याने त्याने आपलं ठरवायचं म्हणे.

नेटसेट: पीएचडीला पेपरची सक्तीच नाहीये, यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. विद्यापीठाची वेगळी अट असेल तर माहीत नाही.

पाणीवाली: मी सक्तीचं विचारलंच नाहीये. वेव्हर मिळतो का तेवढं सांगा.

विदर्भकन्या: ताई, वेव्हरवर विसंबू नका. आपोआप माफी गरीब देशांना असते, आपली अर्थव्यवस्था मोठी म्हणून मोठे प्रकाशक भारताला सहसा त्यात धरत नाहीत. मी तीन मेल केले, शेवटी थोडी सवलत मिळाली.

गणितज्ञ_पुणे: वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारची जर्नल्ससाठीची योजना आहे ना आता? ६००० कोटी, ३० प्रकाशक.

सूक्ष्मदर्शी: ते मुख्यतः वाचण्यासाठी. एपीसीसाठी वर्षाला १५० कोटींची तरतूद सांगितलीये, पण निवडक जर्नल्सना. लायब्ररियनना विचारा.

घाटावरचा: पाणीवाली, हायब्रिड आहे का ते सांगितलं नाहीत अजून.

पाणीवाली: हायब्रिड म्हणजे? फॉर्मवर दोन ऑप्शन आहेत, सबस्क्रिप्शन आणि ओपन ॲक्सेस. गाईड म्हणाले ओपन ॲक्सेस टाक, सायटेशन वाढतात. विषय यवतमाळकडच्या बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड.

घाटावरचा: अहो मग हे आधी सांगायचं ना! दोन्ही ऑप्शन देतं तेच हायब्रिड. सबस्क्रिप्शन निवडा, त्यात पैसे वाचणारे भरतात, एपीसी लागणार नाही. मग रिव्ह्यूनंतर दुरुस्त केलेली तुमची वर्ड फाइल विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाका, त्यांनी छापलेली पीडीएफ टाकायची नाही. एम्बार्गो, म्हणजे ती फाइल खुली करायला किती थांबायचं, ते जर्नलच्या पॉलिसीत बघा, बऱ्याचदा १२ महिने असतो, कुठे २४.

पाणीवाली: पण ज्यांच्या बोअरचं पाणी मी तपासलं त्यांनी वर्षभर थांबायचं का? मुलांचे दात पिवळे पडलेत तिथे. ग्रामपंचायतीला कुठलं आलंय सबस्क्रिप्शन.

घाटावरचा: नाही थांबायचं. सबमिट केलेली पहिली प्रत प्रीप्रिंट म्हणून बहुतेक जर्नल्स लगेच ऑनलाइन टाकू देतात. आणि कुठल्या बोअरला लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड आलं त्याचा मराठीत एक पानाचा तक्ता करून ग्रामपंचायतीत द्या, आकडे तुमचेच आहेत.

विदर्भकन्या: तक्ता खरंच द्या ताई. आमच्या गावात नमुने नेले, निकाल आजतागायत कोणी सांगितला नाही.

पाणीवाली: सबस्क्रिप्शन टिक केलंय, सबमिट अजून नाही. तक्त्याला आजच बसते.

सूक्ष्मदर्शी: थांबा, करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, कोण आहे? फॉर्म त्यांच्याच लॉगिनवरून जाईल.

पाणीवाली: गाईड. उद्या सकाळीच त्यांना गाठते.