मदत हवी आहे: दोन बोअर कोरडे गेले, आप्पा तिसरा घ्यायचा म्हणतात

लिंबूटिंबू

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

गाव पारोळा तालुक्यात. मी पुण्यात हिशेबनीस, गावी आप्पा आणि माय. सव्वादोन एकर लिंबू आहे, ३०० झाडं, यंदा नववं वर्ष. जुनी विहीर ४५ फूट, पण मार्चपासून मोटर जेमतेम २० मिनिटं चालते. म्हणून एप्रिलमध्ये बोअर घेतला. ३२० फूट. धूळच धूळ. आठ दिवसांनी पाणाड्यानं बांधाच्या दुसऱ्या अंगाला नारळ फिरवून जागा दाखवली, तिथे दुसरा घेतला. तोही कोरडा. फूट, केसिंग, एजंट, पाणाडी सगळं धरून एक लाख दहा हजार मातीत.

दुसऱ्या बोअरच्या रात्रीचं सांगतो, कारण माझा खरा प्रश्न तिथेच आहे. बोअरची गाडी रात्री साडेनऊला लागली. ३०० फुटांपर्यंत काहीच नाही. आप्पा थांबवायला निघाले होते, तेवढ्यात एजंट म्हणाला, खडक बदलतोय, अजून पन्नास फूट जाऊ द्या. आप्पांनी मला फोन केला. मी, रोज दुसऱ्यांच्या खर्चावर लाल पेन मारणारा माणूस, म्हणालो, "एवढं गेलंच आहे तर जाऊ द्या." ते पन्नास संपल्यावर आणखी साठ. ४१० ला गाडी काढली.

आता पाणाड्याचं म्हणणं, पश्चिमेला तीस फुटांवर दोन धारा एकत्र येतात. आप्पांना पटलंय. मी नको म्हटलं तर, "पानीमधलं काय समजस तुले? दोन गेले म्हणूनच आते लागी. पानी काय सारखा दगा देस का?" पैसे मायची सोन्याची पोत गहाण ठेवून आणायचे. माय एवढंच म्हणाली, तीन तिगाडा काम बिगाडा, आणि चुलीकडे वळली.

पाणी लागेल की नाही हे इथे कुणी सांगू शकणार नाही, मला माहीत आहे. पण जे कळत नाही त्यावर पैसे लावायचे की नाही, हे ठरवायची काही रीत असते का? आणि आप्पांशी बोलायचं कसं? मे चालू आहे, झाडं पानं मुरडायला लागलीत.

तापीखोरे

भाऊ, पाणाडी चांगला गाठा. आमच्या यावलकडचा माणूस आजवर चुकलेला नाही. माझ्या बोअरला पाच इंच पाणी. नंबर व्यनि (खासगी निरोप) करू का?

काळा पाषाण

तापीखोरे, तुमच्याकडे तापीचा गाळ आहे हो. पाणी खोल गेलंय हे खरं, पण तुमच्या पट्ट्यात डोळे मिटून टिकाव मारला तरी खाली वाळूचा थर भेटायची शक्यता मोठी. तिथे न चुकणारा पाणाडी पारोळ्यात आणून दाखवा, मग बोलू.

लिंबूटिंबू, मी बोअरच्या धंद्यात १४ वर्षं होतो, साक्रीकडचा. आपल्याकडे खाली दख्खनचा काळा पाषाण. लाव्ह्याचे थर एकावर एक, मधे कुठे कुठे लाल गेरू. अखंड पाषाणात पाणी नसतं. ते असतं वरच्या मुरमाड, कुजलेल्या भागात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांमध्ये. जसजसं खाली जाल तसतशा भेगा आवळत जातात. म्हणून २०० फुटांपुढे आशा झपाट्यानं कमी होते आणि फुटाचा भाव मात्र दर शंभराला वाढतो. एजंटला फुटावर पैसे मिळतात, हे त्याचं वाक्य ऐकताना ध्यानात ठेवायचं. 'खडक बदलतोय' हे मीही शेकडो वेळा म्हटलंय. कधी कधी तो बदलतही असतो.

आमच्या धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. अशी भिंत जमिनीखाली आडवी असली तर एका बाजूला पाणी तुंबतं आणि दुसरी बाजू ठणठणीत. म्हणून शेजाऱ्याला लागलं म्हणजे तुम्हाला लागेल असं नाही. पण तुमचे दोन बोअर एकाच वावरात, एकाच थरात गेलेत. तिथून तीस फूट म्हणजे त्याच घराची पुढची खोली.

एका बाबतीत आप्पा बरोबर आहेत. घ्यायचाच तर मेमध्येच. पावसाळ्यानंतर लागलेलं पाणी फसवं, मेमध्ये लागलेलं खरं.

माझं मत विचाराल तर जुन्या विहिरीत आडवे बोअर मारून बघा. दोन-तीन दिशांना, ५०-६० फूट. विहिरीच्या बाजूच्या भेगा उघडल्या तर पाणी वाढतं, खर्चही उभ्या बोअरच्या मानानं कमी. आणि कायद्याचंही बघून घ्या: २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा जास्त ती 'खोल विहीर', सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात तिला मनाई आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे तर १९९३ पासूनचं आहे. कुणी पाळत नाही ती गोष्ट निराळी.

उलटतपासणी

मी मानसशास्त्र शिकवते. पाण्यातलं मला शून्य कळतं, पण आप्पांचं वाक्य ओळखीचं वाटलं.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये छापलेल्या निबंधासाठी इस्रायलमध्ये लोकांना एक साधा प्रश्न घातला. ३००० नक्की मिळणार, किंवा ४००० मिळायची ८० टक्के शक्यता, नाहीतर काही नाही. काय घ्याल? १०० पैकी ८० जणांनी नक्कीचे ३००० घेतले. मग तोच प्रश्न उलटा केला. ३००० नक्की जाणार, किंवा ८० टक्के शक्यता की ४००० जातील आणि २० टक्के शक्यता की काहीच जाणार नाही. आता १०० पैकी ९२ जणांनी जुगार पत्करला. फायद्यात असलेला माणूस जपून चालतो, तोट्यात असलेला तोटा पुसायची संधी शोधतो. त्या निबंधात आणखी एक निरीक्षण आहे: झालेला तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी कधी न घेतलेली जोखीम घ्यायला तयार होतो. एप्रिलच्या आधी कुणी आप्पांना म्हटलं असतं की मायची पोत गहाण टाकून बोअर घ्या, तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं ना? आज तेच आप्पा तयार आहेत, कारण त्यांच्या वहीत एक लाख दहा हजार अजून 'गेले' नाहीत, 'अडकले' आहेत. तिसऱ्या बोअरला पाणी लागलं की तिन्हींचा खर्च वसूल, असा तो हिशेब आहे.

"एवढं गेलंच आहे" हे तुमचं वाक्यही त्याच घरचं. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत विकली. पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती! आपण ४१० फूट गेलो ते तसेच.

आता "दोन गेले म्हणूनच आता लागेल". नाणं दोनदा छापा पडलं म्हणून तिसऱ्यांदा काटा पडायला बांधील नसतं, हे तुम्ही आप्पांना सांगाल. सांगू नका. कारण इथे नाण्याचा दाखला तुमच्याही बाजूने चालत नाही. नाण्याला आठवण नसते, पण काळा पाषाण म्हणतात तसं वावराला असते. दोन कोरडे बोअर ही महागात पडलेली माहिती आहे, आणि तिचा झुकाव आप्पांच्या उलट दिशेला आहे. म्हणजे त्यांची चूक नाण्यातल्या चुकीपेक्षा एक पायरी पुढची आहे. तुमची एक पायरी अलीकडची, दोनच बोअर बघून तुम्ही 'या जमिनीत पाणीच नाही' असं ठरवून टाकलं असेल तर. थोड्याशा नमुन्यावरून सगळं ओळखल्याचा भास चांगल्या चांगल्या संशोधकांनाही होतो. याच दोघांनी १९७१ मध्ये त्याची 'लहान आकड्यांचा नियम' म्हणून थट्टा केली होती.

मग करायचं काय? आपलं वावर क्षणभर विसरा आणि गावच्या बोअरची मोजणी करा. किती मारले, किती लागले, एप्रिलमध्ये किती चालू होते, पाणाड्याचे किती आणि बिनपाणाड्याचे किती. कोरडे आठवणीनं विचारा. लागलेल्या बोअरची गोष्ट पारावर वर्षानुवर्षं चालते, कोरड्यावर दगड ठेवून लोक गप्प बसतात.

मावशीबाई

सगळं बरोबर असेल बाई, पण यातलं एक अक्षर आप्पांसमोर काढू नका लिंबूटिंबू. "तुमचं मन तुम्हाला फसवतंय" असं पोरानं बापाला सांगितलं की त्या संध्याकाळीच गाडी बोलावली जाईल. मी अमळनेरची, आमच्याकडे तेच झालं होतं. माझा भाऊ पुस्तकातलं बोलला आणि वडिलांनी त्याला दाखवायला म्हणून चौथा बोअर घेतला.

मोजणी करायची तर आप्पांनाच करायला सांगा. म्हणा, मला गावातलं कुणी खरं सांगणार नाही, तुम्हाला सांगतील. आणि एक विचारून बघा: शेजारच्या वावरवाल्याचे दोन गेले असते आणि तो सल्ला मागायला आला असता, तर त्याला काय सांगितलं असतं? आपल्या माणसांची अक्कल दुसऱ्याच्या वावरात फार छान चालते.

आणि ते दोन कोरडे बोअर आधी बुजवा हो. वरून गोणपाट टाकून ठेवलं असेल, मला माहीत आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलेले बोअर तळापासून भरायला सांगितलंय. गावात लहान पोरं असतात.

लिंबूटिंबू

चार दिवस गावी आलो होतो, म्हणून उशीर. मावशीबाई, गोणपाटच होतं. बुजवले. एक दिवस आणि दोन ट्रॉली मुरूम गेला.

मोजणी आप्पांनी केली, मी फक्त वही धरली. पहिल्या दिवशी गावातले चालू बोअर सांगून झाले, सगळे हसत सांगत होते. दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच पारावर गेले आणि कोरड्यांची यादी घेऊन आले. अशी माणसं निघाली की ज्यांच्या वावरात बोअर घेतल्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. गेल्या पाच वर्षांत एकूण २३. पाणी लागलं ९ ना. पाणाड्याच्या १४ पैकी ५, स्वतःच्या मनानं घेतलेल्या ९ पैकी ४. उलटतपासणी, एवढ्याशा आकड्यांवरून पाणाड्याला खोटा ठरवता येणार नाही हे मला कळतं. पण आप्पा त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "त्याना पाचशे रुपया कोन वापस दी?"

खरी गोष्ट पुढची. यंदाच्या एप्रिलमध्ये चालू होते फक्त ३. आप्पांनी पारावरच खडूनं गावाचा नकाशा काढला, तेव्हा दिसलं की तिन्ही नाल्याच्या काठाला आहेत. आमचं वावर टेकाडावर. हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनी मला सांगितलं.

रात्री हिशेब मांडला. आमच्या वावराला उदार मनानं चारात एक अशी शक्यता धरली, तरी बोअरला ५५ हजारांप्रमाणे एक टिकाऊ बोअर सरासरी दोन लाख वीस हजाराला पडतो. झाडं जगवायचीच म्हटलं तर झाडाला ५० लिटर, चार दिवसांआड, बुडाशी पाचट. एका पाळीला ५००० लिटरचे तीन टँकर. पाऊस येईपर्यंत नऊ पाळ्या धरल्या तर २७ टँकर, ९०० नं २४,३०० रुपये. यंदाचा बहार गेलाच, पण झाड राहील.

शेजारच्या वावरवाल्याचा प्रश्न मी विचारला नाही. मायनं विचारला. जेवताना सहज, भाकरी वाढता वाढता. आप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला तेव्हा "पंधरा दिनमा सांगस" म्हणाले.

सध्याचं ठरलंय ते असं. टँकर सुरू. काळा पाषाण म्हणतात ते आडवे बोअर विहिरीत मारायचे, दोन दिशांना, पोत कपाटातच. आणि पुढे कधी उभा बोअर घेतलाच तर २०० फुटांवर गाडी बंद, एजंट काहीही म्हणो आणि मी फोनवर काहीही म्हणो. हे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. माझी सही आप्पांनी आधी घेतली, म्हणाले, "मांगे फोनवर तूच जाऊ दे म्हणेल व्हता."

तिसऱ्या बोअरचा विषय त्यांच्या मनातून गेलेला नाही. काल संध्याकाळी त्या पश्चिमेच्या जागेवर उभे होते, बराच वेळ.

काळा पाषाण, एक विचारायचं राहिलं. आडव्या बोअरची गाडी आमच्या बाजूला कुठून येते? आणि विहिरीत गाळ आहे चार-पाच फूट, तो आधी काढावा लागेल का?

काळा पाषाण

गाळ आधी. नाहीतर गाडीवाला खाली उतरूनच बघणार नाही, वरूनच भाव वाढवून सांगेल. गाडीसाठी धुळ्याला विचारा, व्यनि केला आहे. आणि भाव फुटावर ठरवू नका, दिशेवर ठरवा.