मदत हवी आहे: लुईझियानाचे पिंचबॅक, गव्हर्नर लिहू की हंगामी गव्हर्नर?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी पी. बी. एस. पिंचबॅक यांच्यावर लेख लिहितोय आणि एका जागी गाडं अडलंय. अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर, ९ डिसेंबर १८७२ ते १३ जानेवारी १८७३, अवघे ३५ दिवस. (जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मधेच तिकडची गुलामी हटवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, त्यामुळे अंकात हा माणूस हवाच असं मला वाटतं.) पण कुठे त्यांना सरळ गव्हर्नर म्हटलंय तर कुठे हंगामी. नक्की काय धरायचं?

मला समजलंय ते असं, की लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचं पद) ऑस्कर डन १८७१ मधे वारले, मग राज्याच्या सिनेटने, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाने, पिंचबॅकना आपला अध्यक्ष निवडलं आणि ते डन यांच्या जागी आले, पुढच्या वर्षी निवडणुकीच्या निकालावरून रणकंदन माजलं, गव्हर्नर वॉर्मथ यांच्यावर महाभियोग आला, ते निलंबित झाले आणि सगळी सूत्रं पिंचबॅककडे. पण वॉर्मथ यांचा खटला शेवटपर्यंत गेलाच नाही, त्याआधी त्यांची मुदत संपली. मग पद रिकामं झालं म्हणायचं का? इथेच गोची आहे.

बहुतेक जण ३५ दिवसांची एक ओळ लिहून मोकळे होतात, ते मला अजिबात नकोय. आई एलायझा गुलामीतून सुटलेली, वडील गोरे मळेवाले. १८४८ मधे वडील गेल्यावर नातेवाईक आपल्याला परत गुलाम करतील या धास्तीनं आई पोरांना घेऊन सिनसिनाटीला गेली आणि हा पोरगा बोटींवर पोऱ्या म्हणून राबायला लागला. तिथून गव्हर्नरच्या खुर्चीपर्यंत! म्हणून शब्द चुकायला नकोय, जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:

विषय फार चांगला घेतलात. तिथल्या १८६८ च्या राज्यघटनेप्रमाणे महाभियोग आला की खटल्याचा निकाल लागेपर्यंत अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जायचे, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हंगामीच. पण १२ डिसेंबरला वॉशिंग्टनहून ॲटर्नी जनरलची तार आली होती की राष्ट्राध्यक्ष ग्रँट पिंचबॅकनाच राज्याचे कायदेशीर प्रमुख मानतात, म्हणजे अधिकार पुरेपूर होते. पहिल्यांदा हंगामी लिहा, पुढे बिनधास्त गव्हर्नर.

आणि एक, नंतरचं सोडू नका. १८७३ मधे ते देशाच्या म्हणजे अमेरिकन सिनेटवर निवडून गेले (तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळच निवडायचं) पण लुईझियानात तेव्हा दोन-दोन विधिमंडळं आम्हीच खरे म्हणून बसलेली, त्या वादात यांना तीन वर्षं ताटकळत ठेवलं आणि १८७६ मधे ३२ विरुद्ध २९ मतांनी जागा नाकारली. माझ्या मते हे ३५ दिवसांपेक्षा मोठं आहे. तरी माणूस खचला नाही, १८७९ च्या घटना परिषदेत कृष्णवर्णीयांसाठी सदर्न युनिव्हर्सिटीची तरतूद करून घेण्यात त्यांचा हात होता, ती आजही चालू आहे. लेख झाला की इथे नक्की टाका.