काही लॅपनंतर ब्रेक पेडल खाली का जातं?

प्रश्न: बुद्ध सर्किटवर (ग्रेटर नोएडाचा रेसट्रॅक) लांब सरळ पट्ट्यानंतर जोरात ब्रेक लावावा लागतो. काही लॅपनंतर (फेऱ्यांनंतर) पेडल मऊ पडतं. पॅड (डिस्कवर घासून चाक थांबवणारे) बदलू की मोठ्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) बसवू?

उत्तर १: दोन्ही नाही. पेडल मऊ पडून खाली जातंय म्हणजे ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव) उकळलंय. पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पोचत नाही. पेडल कडक असून गाडी थांबत नसती, तर दोष तापलेल्या पॅडचा. ताशी २५० किमीवरून थांबताना १०० किमीवरून थांबण्याच्या सव्वासहापट उष्णता तयार होते.

उत्तर २: डॉट ४चा (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५पर्यंत उतरू शकतो. सीलबंद बाटलीतलं नवं फ्लुइड भरा, चारही कॅलिपर ब्लीड करा (आतलं जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढा). डॉट ५.१ चालेल (२६० अंश). डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं. डॉट ४ किंवा ५.१मध्ये मिसळत नाही.

प्रश्नकर्ता: आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) आल्यावर?

उत्तर १: शेवटचा लॅप सावकाश, ब्रेक जवळपास न वापरता. थांबल्यावर पेडलवर पाय नको, हँडब्रेकही नको. तापल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, मग ब्रेक लावला की थरथर. चाकाला ठोकळा लावा.