मदत हवी आहे: झिजलेल्या शिवराई नाण्यांची छायाचित्रे घरी काढण्यासाठी प्रकाशाची मांडणी

नमस्कार. आजोबांनी जमवलेली तांब्याची साठ-सत्तर नाणी, त्यांतली बहुतेक शिवराई, सध्या माझ्याकडे आहेत. दिवाळीनंतर ती तिन्ही काकांच्या घरांत वाटली जाणार असल्यामुळे, त्याआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही अंगांचे, एकाच मापाचे आणि अक्षरे वाचता येतील असे छायाचित्र काढून ठेवावे, असे मी ठरवले आहे. नाण्यांचा व्यास २० मिलिमीटरच्या आसपास आहे. एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला दोन ओळींत ‘छत्रपति’ असा मजकूर असतो. परंतु ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने बहुतेकांवर तो अर्धवटच उमटला आहे, आणि उमटला आहे तोही झिजलेला आहे.

जागा म्हणजे बेळगावात शहापूरच्या जुन्या घरातली माडीवरची दहा बाय आठ फुटांची खोली. खिडकी उत्तरेची आहे, पण इथल्या पावसाळ्यात तिच्या उजेडावर विसंबणे व्यर्थ आहे. कॅमेरा जुना डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स, आणि स्टँडवरून सरळ खाली पाहणारी रचना. टेबलावर सपाट आरसा ठेवून त्यात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या नेमके मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवला, की तो टेबलाला समांतर होतो, एवढी एक गोष्ट मला पक्की जमली आहे.

सुरुवातीला सर्वत्र सुचवली जाते तशी पेटी केली: थर्माकोलच्या तीन भिंती, दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे. खानापूरच्या मातीची एक पणती त्यात सुरेख आली. नाणी मात्र काळ्या बटणांसारखी दिसली. चहूकडून सारखा उजेड आला तर अक्षराला सावलीच पडत नाही, हे मागाहून लक्षात आले. मग एकच दिवा टेबलापासून जेमतेम चार बोटांवर, आडवा लावला. अक्षरे उठून आली, पण वेगळीच अडचण निघाली: दिवा डावीकडे असला की आडवी शिरोरेषा नाहीशी होते आणि वरच्या बाजूला असला की उभा काना दिसत नाही, कारण उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या रेघेला सावली नसते. सध्या दिवा घड्याळातल्या दहाच्या आकड्याच्या जागी ठेवून मी तडजोड करत आहे.

तिसरा प्रयोग नाण्यावर ४५ अंशांत तिरपी धरलेल्या काचेचा. दिवा बाजूला, काचेवरून परावर्तित झालेला उजेड सरळ नाण्यावर, आणि कॅमेरा काचेतून खाली पाहतो. पहिल्या चित्रांवर धुरकट पडदा होता; दिव्यासमोरची चुन्याची भिंत काचेत उतरत होती. तिथे जुन्या छत्रीचे काळे कापड टांगल्यावर तो गेला. परंतु साधी काच उजेडाचा जेमतेम दहावा भागच खाली पाठवते, म्हणून आयएसओ १०० आणि एफ/८ वर शटर एक सेकंदापर्यंत उघडे ठेवावे लागते, आणि जिन्यावरून कोणी आले तरी माडीची लाकडी जमीन हलते.

माझा मुख्य प्रश्न असा की, काळवंडलेल्या, खडबडीत तांब्यासाठी या काचेचा खरोखर उपयोग आहे का? नव्या चकचकीत नाण्याचा सपाट भाग तिच्यामुळे उजळतो आणि अक्षरांच्या कडा काळ्या उमटतात. माझ्या नाण्यांवर तो फरक फारच पुसट येतो. त्यापेक्षा आडवा दिवा दोन दिशांना ठेवून दोन चित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर एकत्र करावीत का? तसे कोणी केले असल्यास दिव्याची उंची किती ठेवली, हे कृपया सांगावे. दुसरे असे की, एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावली तर नाणे चौकट भरते, पण लेन्स इतकी खाली येते की काच बसवायला जागा उरत नाही. मोठ्या नाभीय अंतराची मॅक्रो लेन्स, म्हणजे थोड्या दुरूनही नाणे चौकटभर दाखवणारी लेन्स, मला परवडणारी नाही.

नाणी चिंचेने घासून लखलखीत करण्याचा सल्ला घरातून रोज मिळतो. तो मी मानणार नाही, कारण वरचा थर गेला की नाण्याचे वयच पुसले जाते. तेव्हा उत्तर देताना नाणी आहेत तशीच राहणार, असे कृपया गृहीत धरावे. सगळे सामान खालच्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर हलवण्याची माझी तयारी आहे, मात्र तिथे मला रात्री दहानंतरच जागा मिळेल.