ग्रेडिंगसाठी (व्हिडिओचे रंग-उजेड नीट करायला) प्रीमियर सोडून रिझॉल्व्ह घ्यावं का?

प्रश्न: एडिटिंग प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्येच करते. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट दिसणाऱ्या मोडमध्ये) शूट केलेल्या मुलाखतीत लुमेट्रीने, म्हणजे प्रीमियरच्या रंगसुधारणेच्या टूलने, चेहरा उजळला की मागची भिंतही पांढरीफटक पडते. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेल का?

कॅमेरावेडा: पुरेल. एका नोडवर (रंगसुधारणेच्या एका पायरीवर) एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, दुसऱ्यावर फक्त चेहरा. चेहऱ्याभोवती पॉवर विंडो (बदल तेवढ्याच भागात ठेवणारा घेर) काढून ती चेहऱ्याबरोबर हलेल अशी ट्रॅक करा, भिंतीला धक्का लागणार नाही. फुकट आवृत्तीचं आउटपुट ३८४० बाय २१६० पिक्सेलपर्यंतच, नॉइज रिडक्शनही (चित्रातले दाणे कमी करायची सोय) नाही. अंधारातलं शूट असेल तर ते नडतं.

रात्रपाळी: मास्क, म्हणजे तसाच घेर, लुमेट्रीतही लावता येतो की! एका भिंतीसाठी बिऱ्हाड कशाला हलवायचं?

प्रश्न: लावला होता. पण मुलाखत देणाऱ्या बाई बोलताना सारख्या डुलतात, मास्क मागेच राहतो.

कॅमेरावेडा: मग रिझॉल्व्हच. आधी ग्राफिक्स कार्ड बघा मात्र, त्याला ते भारी लागतं.