खरेदीच्या मॅडम नोकरी सोडतायत, निरोपाला काय द्यावं?

धागादोरा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. पुण्याच्या एका हॉटेल ग्रुपला बरीच वर्षं बाथ टॉवेल आणि बाथमॅट पुरवतो. तिथल्या खरेदीच्या मॅडम महिनाअखेरीस दुसऱ्या हॉटेल कंपनीत चालल्यात. बाई कडक, पण सरळ. नमुना धुऊन, वाळवून मग वजन करायच्या. 500 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन) सांगून 460 चा माल त्यांच्याकडं कधी खपला नाही, आणि पास झालेल्या मालाचं बिल त्यांनी कधी अडवलं नाही. थोरले बंधू म्हणतात, चांदीचं काहीतरी द्या. मी म्हणतो, ऑफिसात सगळ्यांदेखत टेबलावर ठेवता येईल तेच द्यावं. घरात दोन तट पडलेत. बोला.

चाटीगल्लीकर: बंधूंचं बरोबर आहे. जाणाऱ्या माणसाला देताना हात आखडता घेऊ नये. आणि बाई चालल्यात कुठं? हॉटेलातच ना? तिथले पाहुणे काय अंग वाऱ्यावर वाळवतात? चांदीचा करंडा द्या. नव्या ठिकाणी पाय ठेवायला जागा होईल.

धागादोरा: हेच नकोय मला. मग तो निरोप कसला, नव्या ऑर्डरचा अॅडव्हान्सच झाला.

जमाखर्च: चांदीवाल्यांसाठी हिशोबाचं बोलतो. धंद्यातल्या संबंधातून एखाद्याला वर्षात 20,000 रुपयांच्या वर भेट किंवा लाभ दिला, तर जुलै 2022 पासून 10 टक्के टीडीएस लागू आहे. वस्तू दिली म्हणून सुटका नाही. गंमत पुढं आहे. भेट नोकरदाराला दिली तरी लाभ त्याच्या मालकाला मिळाला असं धरायचं. आयकर खात्याने तेव्हाच्या खुलाशात हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या डॉक्टरचं उदाहरण दिलं होतं. म्हणजे हिशोब सरळ ठेवलात तर तुमचा महागडा करंडा त्या हॉटेल ग्रुपच्याच 26एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, उमटणार! शिवाय भेट दिलेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. वीस हजारांच्या आत असाल तर टीडीएसचा प्रश्न नाही, पण मग चांदी कितीशी येणार?

चाटीगल्लीकर: एवढा कायदा बघून धंदा केला असता तर आमच्या आजोबांचे माग कधीच भंगारात गेले असते.

टेबलापलीकडचा: मी खरेदी खात्यात उभी नोकरी काढली, पुरवठादार नव्हे, त्यामुळं थोडं कडू बोलतो. काहीच देऊ नका. दिवाळीला आलेले बॉक्स आम्ही रिसेप्शनवर ठेवायचो आणि चिठ्ठ्या टाकून वाटायचो, शिपायापासून मॅनेजरपर्यंत. निरोपाची भेट मात्र एकट्याच्या हातात पडते. बाई गेल्या की मागं राहिलेले हळूच म्हणतात, 'तरीच त्यांचा माल पास व्हायचा.' तुम्ही त्यांचा मान करायला जाल आणि इतक्या वर्षांच्या कडकपणावर डाग लावून याल. त्यापेक्षा त्यांच्या वरिष्ठांना लेटरहेडवर पत्र लिहा. 'छान सहकार्य' वगैरे नको. कोणता लॉट परत आला, त्यामुळं तुम्ही युनिटात काय बदललं, ते लिहा. सरकारी गिऱ्हाईक असतं तर एवढं बोललोही नसतो. तिथं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे.

गड्ड्यातला_पाळणा: पत्र? सोलापूरचा माणूस पुण्याला जाणार आणि नुसता कागद देऊन येणार? का बे, इज्जत आहे का नाही? शेंगाचटणी न्या, लाल, कुटलेली, तेल सुटलेली. जोडीला कडक भाकरीची चवड. आख्ख्या खात्याला पुरेल एवढं न्या, तिथंच डबा उघडा. कोण लाच म्हणतंय बघू!

टेबलापलीकडचा: याला माझी ना नाही. डबा मधे उघडला की तो सगळ्यांचा. पण मग ती त्या बाईंची भेट राहत नाही, एवढंच.

लूम_नंबर_चार: सगळे आपला माल का विसरायलेत? सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, त्यांचं नाव विणून एक चादर द्या. बाजारात मिळत नाही आणि विकताही येत नाही. चांदी मोडता येते, नाव विणलेली चादर कोण घेणार?

धागादोरा: हे मनात बसलं. पण आमच्याकडं टॉवेलच, चादर शेजारच्या युनिटातून करून घ्यावी लागेल. एका नगासाठी डिझाइन बदला म्हटलं तर त्यांचा मास्टर चहासुद्धा विचारणार नाही.

लूम_नंबर_चार: इलेक्ट्रॉनिक जकार्ड असेल तर फाइलच बदलायचीय. जुनं असेल तर नवी कार्डं पंच करावी लागतील, तिथं खर्च आहे. मास्टरला गड्ड्यातल्या_पाळण्याची चटणी पाठवा.

चाटीगल्लीकर: पुण्यात फ्लॅटमध्ये सोलापुरी चादर कोण पांघरतंय आता? माळ्यावर जाईल.

लूम_नंबर_चार: जाऊ दे की. करंडा काय रोज पूजेत असतो?

जमाखर्च: चादर कधी देणार, हे ठरवा. माझं मत शेवटच्या दिवसानंतर, घरी. तेव्हा ऑर्डर देण्याचा अधिकारच त्यांच्या हातात नसतो.

टेबलापलीकडचा: पूर्ण उलट. नोकरी संपल्यावर घरी पोचवलेली वस्तू म्हणजे लोकांच्या नजरेत राहिलेली बाकी. आणि आठवड्याभरात त्या नव्या कंपनीच्या टेबलावर असतील, तो अधिकार विसरलात? द्यायचीच असेल तर त्यांच्या साहेबांना आधी विचारा आणि सगळ्यांसमोर द्या. नाही म्हणाले तर चादर परत आणा.

धागादोरा: मॅडमना स्वतःला विचारलं तर?

टेबलापलीकडचा: त्या नाहीच म्हणतील. धुऊन वजन करणाऱ्या बाई आहेत त्या.

धागादोरा: मग साहेबांना सोमवारी फोन करतो. बंधूंनी मधल्या वेळात सराफाकडून दर काढून आणलाय, त्यांना जमाखर्चचा 26एएस वाचून दाखवला. म्हणाले, '19,900 चा करंडा मिळतो का बघ.'