आईची टाच सकाळी टेकत नाही, साडेचार हजारांचं इन्सोल घ्यावं का?

कृष्णाकाठची_लेक:
नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आई ५८ वर्षांची, पोळ्यांच्या ऑर्डर घेते, पहाटे पाच ते दहा ओट्याशी उभीच. दोन-अडीच महिने झाले, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकावा तशी कळ येते, पलंगाला धरून चवड्यावर चार पावलं टाकते मग जरा मोकळं होतं, पण दुपारी पडून उठली की परत तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलंय असं निघालं, तेव्हापासून ऑपरेशन होणार म्हणून ती रात्र रात्र झोपत नाही. एका दुकानात पायाचा ठसा घेऊन साडेचार हजारांचं इन्सोल, म्हणजे बुटात घालायचा आधाराचा तळ, सांगितलंय. पैशाचं नाही हो, पण खरंच उपयोग होतो का?

अजिंक्यतारा_रोज:
आधी आईंना सांगा, हाड कापायची वेळ सहसा येत नाही. वाढलेलं हाड ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेत पण दिसतं. दुखणं बहुतेक टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं आहे, प्लांटर फॅशियायटिस म्हणतात. मला साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करताना झालं, यवतेश्वर घाटात एकदम अंतर वाढवलं आणि पोटऱ्या आखडल्या तिथून सुरू. तयार मिळणारं, तळव्याच्या कमानीला आधार देणारं इन्सोल आणि पोटरीचे स्ट्रेच, यावर पाच महिन्यांत गेलं. वेळ लागतो, मध्येच सोडू नका.

मिरजेचा_फिजिओ:
वरचं बरोबर आहे, पण तपासल्याशिवाय नक्की म्हणत नाही. साध्या टाचदुखीत ठसा घेऊन केलेलं आणि तयार इन्सोल यात फार फरक पडत नाही असंच अभ्यासांत दिसलंय, म्हणून आधी तयार घ्या. घेताना कमानीवर अंगठा दाबून बघा, स्पंजासारखं सपाट बसलं तर ठेवा तिथंच, थोडं कडक हवं. महागडं ठशाचं लागतं ते पाय वेडावाकडा असेल, शुगरने बधिर झाला असेल, किंवा चांगली कमान होती आणि आता एकाच पायाची बसत चाललीय, घोट्याच्या आतून सूज आहे अशा वेळी, आणि तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. इन्सोलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पलंगावरून उतरायच्या आधीच तो पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं हाताने मागं ओढायची, १० आकडे धरायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. तळव्याचा पट्टा दोरीसारखा ताणलेला हाताला लागला पाहिजे. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला. आणि एक विचारतो, आई ओट्याशी अनवाणी उभ्या असतात का?

कृष्णाकाठची_लेक:
हो, अनवाणीच. देवघर स्वयंपाकघरातच आहे, तिथं चप्पल चालत नाही. खाली शहाबादी फरशी.

मिरजेचा_फिजिओ:
मग इन्सोल बुटात आणि आई फरशीवर, पाच तास पायाला आधारच नाही. तिथंच सगळं अडलंय.

सुधामावशी_वाई:
अगं बाई, आमच्याकडे हेच झालं होतं. सासूबाई म्हणायच्या चूल बाटते. मग मी कोऱ्या सपाता आणल्या, जाड तळ, टाचेला खोलगट, मधे उंचवटा. त्या उंबऱ्याबाहेर कधी गेल्या नाहीत, दर शनिवारी धुवायच्या, पूजेच्या वेळी काढायच्या. त्यांना पटलं. खाली रबरी मॅट टाकली आणि पोळ्या लाटताना एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. गॅसजवळ मॅट सरकणारी नको, माझी पहिली सरकायची. आणि शुगर आहे का आईला? असेल नि तळवे बधिर असतील तर गरम पाण्यात पाय शेकू नका, भाजलेलं कळतसुद्धा नाही, माझ्या नणंदेच्या पायाला तसाच फोड आला होता.

मिरजेचा_फिजिओ:
मावशींचं शुगरचं नक्की लक्षात ठेवा. बधिरपणा नसेल तर संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून तळव्याखाली ५-१० मिनिटं फिरवा. इंजेक्शनची घाई नको, वारंवार घेतलं तर पट्टा कमजोर होऊ शकतो.

कृष्णाकाठची_लेक:
शुगर नाही, मागच्याच महिन्यात तपासली. मावशी, तुमचं वाचून दाखवलं, हाडाचं ऐकून तर आईने पहिल्यांदा नीट श्वास घेतला. सपाता मरून रंगाच्या आणल्यात, देवघरापुढे हळदीची रेघ काढलीय तिने, त्याच्या अलीकडेच घालणार म्हणते. उद्या पहाटे २०० पोळ्या आहेत, त्याच घालून उभी राहील.